दोन दिवसांची अमावास्या

चितेगाव,
४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. रत्नमाला,

मामाचं पत्र बघून दचकू नकोस, इकडं सगळे धडधाकट आहेत. फोनवर मला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. शेजारच्या कुणाच्या हातात फोन देऊन बोलायचं तर आपली गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते. म्हणून पत्र. शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षर वाकडंतिकडं आहे, लावून घे.

विचारायचं ते असं. आमच्या कंपनीत सलाईनच्या बाटल्या तयार होतात. त्यांची सगळी नोंद एका मोठ्या मशीनवर असते, त्याला तुम्ही लोक मेनफ्रेम म्हणता. त्या खोलीचा मी राखणदार. एसी बघायचा, धूळ पुसायची, कोण आलं कोण गेलं ते वहीत लिहायचं, असं सत्तावीस वर्षं चाललंय. त्या मशीनवर नजर ठेवायला जे दुसरं सॉफ्टवेअर आहे ते तुमच्याकडं दुरुस्तीला असतं, असं तूच मागं बोलली होतीस. मशीनमधली जागा भरत आली की ते घंटी वाजवतं, सायबांच्या मोबाइलवर निरोप धाडतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, जागा भरली आणि घंटी वाजलीच नाही. दुपारपर्यंत मशीन ठप्प झालं. सकाळपासून तपासलेल्या बाटल्यांपैकी कोणती पास, कोणती नापास, काही कळेना. माणसाच्या शिरेत जाणारी वस्तू, म्हणून सकाळचा सगळा माल नष्ट करावा लागला.

मशीनवर तेव्हा अंगद होता. माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो, मला काका म्हणतो. करीच्या दिवशी पिऊन झोपता यावं म्हणून त्यानंच घंटी बंद करून ठेवली, असं लोक बोलतात. त्याला घरी बसवलंय, चौकशी लागली आहे. पोरगा दारूच्या थेंबाला शिवत नाही. रोज संध्याकाळी माझ्याकडं चहाला येतो, कपाकडं बघत बसतो. मी म्हणतो, होईल नीट.

आता माझ्या ओळखीचा एक माणूस विचारतो आहे. सॉफ्टवेअरात बंद दिवसांची यादी असते म्हणे. तिच्यात एखादी तारीख जास्तीची पडली तर घंटी गप्प राहते का? आणि ती कुणामुळं पडली ते तुम्हाला तिथून दिसतं का? सहज विचारतो आहे. घाई नाही. पण लवकर कळव.

भिकनमामा

*

पुणे,
९ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

किती वर्षांनी हाताने पत्र लिहिते आहे! बोटं दुखायला लागली. पण तुमचं पत्र अगदी वेळेवर आलं. तुमच्या कंपनीची ही तक्रार माझ्याच टेबलावर आहे.

बारा दिवस आम्ही डोकं फोडत होतो. आधी मर्यादा पाहिली. जागा ऐंशी टक्के भरली की घंटी वाजावी असं ठरवलेलं, ते बरोबर होतं. निरोप कुणाला जातो ते पाहिलं, नंबर बरोबर. मग मुद्दाम खोट्या फाइली टाकून जागा भरवली, तर घंटी खणखणीत वाजली. माझ्या हाताखालची श्रेया म्हणाली, "मॅडम, याला लिंबू-मिरची बांधा." आज सगळं नीट चालतंय, तर त्या दिवशी काय बिघडलं ते शोधायचं कुठं?

तुमचं पत्र वाचलं आणि बंद दिवसांची यादी उघडली. तुमचा कारखाना दर अमावास्येला बंद असतो. त्या दिवशी दुरुस्तीवाले मशीन उघडतात, उगाच घंट्या वाजू नयेत म्हणून ही यादी. तिच्यात २२ ऑगस्ट आहे, पोळ्याचा शुक्रवार. आणि खाली २३ सुद्धा आहे! सॉफ्टवेअरनं त्या शनिवारी सगळं पाहिलं होतं, मामा. दहा चाळीसला जागा भरत आल्याची नोंद त्याच्याकडं आहे आणि पुढं शेरा आहे, 'बंद दिवस, निरोप थांबवला.' ते झोपलेलं नव्हतं. त्याला गप्प बसायला सांगितलं होतं.

तारीख अंगद यांच्या नावाने घातलेली दिसते, तीही सहा जानेवारीला. तुमचा 'ओळखीचा माणूस' कोण ते मी ओळखलं. शेजारी आहे, तुमचा जीव तुटतो, कळतं मला. पण त्यानं चूक तुमच्याजवळ कबूल केली असेल तर साहेबांपुढंही करावी. मी अहवाल काल पाठवून दिला. तुमचं नाव कुठंही घेतलेलं नाही, काळजी करू नका.

कोडं तुमच्यामुळं सुटलं. आई असती तर म्हणाली असती, माझा भाऊ आहे तो!

तुमची,
रत्नमाला

*

चितेगाव,
१३ सप्टेंबर २०२५

चि. रत्नमाला,

पत्र पोचलं. तुझा अहवाल आमच्या कंपनीत त्याच्या आधी पोचला होता.

मी तुला कुठं लिहिलं होतं की तो माणूस अंगद आहे? मी तसं लिहिलं नव्हतं. पत्राची नक्कल ठेवायला पाहिजे होती. तू घाई केलीस. म्हणजे तुझी चूक नाही, मीच नीट लिहिलं नसेल.

आता कँटीनमध्ये बोलतात की अंगदनं सात महिने आधीच करीच्या सुट्टीचा डाव टाकून ठेवला होता. परवा न्हाव्याच्या दुकानात हाच विषय निघाला. न्हावी म्हणाला, "लई बनेल निघाला की हो तुमचा शेजारी." मी मान हलवली. का हलवली कुणास ठाऊक. गालाला साबण होता म्हणून बोललो नाही, असं मनाला सांगितलं.

त्याची बायको सायली गेली. पैठणहून तिची आई द्वारकाबाई आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "बेवड्याच्या घरी माझी पोरगी नांदणार नाय." अंगद म्हणाला, "मी पीत नाही, आत्या." ती म्हणाली, "कंपनीचा कागद खोटं बोलतो व्हय?" सायली मान खाली घालून गाडीत बसली. जाताना माझ्याकडं बघत होती. मी ओट्यावर होतो, आत निघून आलो.

तो अहवाल परत घेता येतो का? मशीनच चुकलं होतं असं लिहिता येत नाही का? मशीनला काय, त्याला बायको नाही. बघ काही होतंय का.

भिकनमामा

*

पुणे,
१७ सप्टेंबर २०२५

प्रिय मामा,

अहवाल परत घेता येत नाही. मशीन चुकलं नाही, त्यामुळं तसं लिहिताही येत नाही.

पण तुमचं पत्र आल्यापासून मला चैन नाही. मी यादी पुन्हा काढून बसले. जानेवारीत बसून कुणी ऑगस्टमधल्या झोपेची सोय करतं का? आणि वर्षभराच्या सगळ्या तारखा दहा मिनिटांत एका दमात घातल्या आहेत. म्हणजे त्यांच्यापुढं कागद होता आणि त्यांनी तो बघून उतरवला. बाकी प्रत्येक अमावास्येला एकच तारीख, फक्त पोळ्याला दोन.

मग मी घरातलं पंचांग काढलं. यंदा पोळ्याची अमावास्या शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला लागली आणि शनिवारी साडेअकराच्या सुमाराला सुटली.

मामा, मी लहान असताना दर डिसेंबरात तुम्ही आमच्याकडं यायचात. बाबा चष्मा लावून, पंचांग मांडीवर घेऊन बसायचे आणि तुम्हाला कागदावर तारखा लिहून द्यायचे. "हा घे, भिकन, तुझ्या कंपनीचा अमावास्येचा कागद," असं म्हणत आई त्या कागदाला हळदीचा हात लावायची आणि बाबा चिडायचे. तेव्हा मला वाटायचं, कंपनी म्हणजे एखादं देऊळ असणार.

बाबा गेल्याला आता वर्ष होऊन गेलं. यंदाच्या तारखा कुणी काढल्या?

मी रागावणार नाही, असं मी लिहीत नाही. पण खरं लिहा.

रत्नमाला

*

चितेगाव,
२१ सप्टेंबर २०२५

रत्नमाला,

मी काढल्या.

चार वेळा कागद फाडून हे लिहितो आहे. तेव्हा जसं येईल तसं वाच.

कंपनी सुरू झाली तेव्हाचे मालक शेतकऱ्याच्या घरचे. अमावास्येला आपल्याकडं कुणी औत धरत नाही, बैलाला विसावा देतात. कामगारही खेड्यापाड्यातले, त्या दिवशी यायचेच नाहीत. म्हणून मालकांनी सुट्टीच अमावास्येला लावली. मग हे सॉफ्टवेअर आलं आणि त्यात तारखा घालायची वेळ आली. तेव्हाचे साहेब मद्रासकडचे. त्यांनी विचारलं, अमावास्या कोणाला कळते? मी पुढं झालो. का झालो? खोली पुसणाऱ्या माणसाला सायबानं पहिल्यांदा काही विचारलं होतं म्हणून.

मला काही कळत नव्हतं. दाजींनी लिहून दिलं, मी कागद नेऊन दिला. साहेब म्हणाले, वा. तेव्हापासून कंपनीत मला पंचांगवाले मामा म्हणतात. बाया पोरींच्या लग्नाचे मुहूर्त विचारायला यायच्या. मी आकाशाकडं बघायचो आणि म्हणायचो, सांगतो परवा. परवापर्यंत दाजींना विचारून यायचो. इतकी वर्षं मी तुझ्या बापाच्या डोक्यानं शहाणा होतो आणि एकालाही सांगितलं नाही. कालनिर्णय भिंतीवर असतं हे लोकांना दिसत नव्हतं का? दिसत असेल. पण सवय पडली होती सगळ्यांना.

दाजी गेल्यावर पहिला डिसेंबर आला. कुणाला विचारायला गेलो तर कळणार की मामाला येत नाही. म्हणून स्वतः बसलो. बाकीचे महिने भिंतीवरचं बघून उतरवले. पोळ्याला घोडं अडलं. शुक्रवारच्या घरात अमावास्या, शनिवारच्या घरातही तिचंच नाव. दाजी अशा वेळी काहीतरी हिशेब करून एकच दिवस सांगायचे. तो हिशेब मी कधी विचारला नाही, मला वाटायचं दाजी कायमचे आहेत. भीती वाटली की एक लिहिला आणि तो चुकला तर? मग दोन्ही लिहिले. मला वाटलं, जास्तीचं असलेलं बरं.

अंगद कागद बघून टाईप करत होता. थांबला. म्हणाला, "काका, इथं दोन दिवस कसे?" मी म्हणालो, "लई शाना झालास का? पंचांग मी बघतो का तू?" तो हसला आणि त्यानं दोन्ही घातले.

सुट्टी ऑफिसानं आपली नोटीस लावून शुक्रवारीच दिली. शनिवारी सगळे कामावर होते. मी सुद्धा होतो. मशीन अडकलं, सगळे धावत आले, तेव्हा मला लगेच उमगलं असं म्हणत नाही. पण संध्याकाळपर्यंत उमगलं होतं. म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी मदत मागत नव्हतो. माझं नाव दिसतं का एवढंच बघत होतो.

आणि रोज संध्याकाळी त्या पोराला चहा देत होतो.

माझं वय एकोणसत्तर. हे मी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, म्हातारा चळला. तसं म्हणाले तर मला बरंच वाटेल, हेही तुला सांगून टाकतो.

भिकन

*

पुणे,
२५ सप्टेंबर २०२५

मामा,

राग आला. बाबांकडून तारखा घेतल्याचा नव्हे, चुकलेल्या तारखेचा तर मुळीच नव्हे. तारीख कुणाचीही चुकते. तुम्ही मान हलवलीत, त्याचा आला.

पण अर्धा राग माझ्यावरच आहे. तुमच्या पत्रातला माणूस मी स्वतःच ठरवून टाकला आणि एका माणसाच्या नोकरीवर बोट ठेवून मोकळी झाले. 'अंगद यांच्या नावाने' असं मी अहवालात लिहिलं. त्यांनी टाईप केलं आणि त्यांनी ठरवलं, यातला फरक माझ्या कामात रोज येतो. तरी तो मी लिहिला नाही. काल आमच्या साहेबांपुढं उभी राहून ते सांगितलं आणि दुरुस्तीचं पत्र पाठवलं. यादी दुसऱ्या कुणी तयार केलेली होती, ऑपरेटरनं फक्त उतरवली, असं लिहिलंय. तुमचं नाव घातलेलं नाही. ते मी घालायचं नाही.

चौकशी तीस तारखेला आहे असं कळलं. तुम्ही जा. पण त्याच्या आधी अंगदना सांगा. चौकशीच्या टेबलावर त्यांना पहिल्यांदा कळू देऊ नका.

मी येऊ का? लिहा, लगेच निघते.

रत्नमाला

*

चितेगाव,
९ ऑक्टोबर २०२५

चि. रत्नमाला,

तू आली नाहीस ते बरं झालं. तू असतीस तर मी तुझ्या मागं उभा राहिलो असतो.

एकोणतीसला संध्याकाळी अंगद आला. मी चहा ठेवला नाही, आधी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "मला माहीत आहे, काका."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. मी कान पुढं केला. तो मोठ्यानं म्हणाला, "यादी तुमची होती. मीच टाईप केली. मला माहीत नसेल का? पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"मग सांगितलं का नाही सायबांना?"

"तुमचं वय बघितलं. आणि वाटलं, तुम्ही सांगाल. तुमच्याकडं रोज कशाला येत होतो? चहाला? तुमचा चहा कुत्रंसुद्धा पिणार नाय."

असं म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो, त्यानं खांदा काढून घेतला.

चौकशीला करुणा मॅडम होत्या, कामगारांचं बघतात त्या. मी सगळं सांगितलं, दाजींचंही सांगितलं. मॅडमनी विचारलं, "हे काम तुम्हाला लेखी दिलं होतं का?" मी म्हणालो, "नाही, तोंडी. एकवीस वर्षांपूर्वी." शेजारचा तरुण इंजिनियर हसला. म्हणाला, "एवढं मोठं मशीन, आणि तारखा मामांच्या दाजींकडून!" मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. मी म्हणालो, "हसू द्या त्यांना, खरंच आहे ते." कुणीही मला म्हातारा चळला म्हणालं नाही. अंगदला दुसऱ्या दिवसापासून कामावर घेतलं. मला घरी बसायला सांगितलं. चाव्या देऊन आलो.

न्हाव्याच्या दुकानात गेलो. दाढी वाढलेली नव्हती तरी गेलो. तिथं, कँटीनच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत, जिथं जिथं अंगदचं नाव निघालं होतं तिथं जाऊन म्हणालो, ते मी केलं होतं. न्हाव्याला पहिल्यांदा कळलंच नाही. "काय केलं मामा तुम्ही?" सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तिसऱ्या ठिकाणीसुद्धा ते सोपं झालं नाही.

पैठणला जायचं राहिलं होतं. धरणातून नाथसागराचं पाणी सोडल्यामुळं तिकडं सगळं विस्कळीत होतं. ते कारण मला आवडलं, हे लपवत नाही. पाणी ओसरलं, दसरा झाला. काल एसटीनं गेलो.

द्वारकाबाई मागावर बसून पैठणी विणत होती. उठली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा राहून सांगितलं. मला ऐकू कमी येतं म्हणून मी मोठ्यानं बोलतो, शेजारच्या दोन घरांतल्या बाया बाहेर आल्या. म्हटलं बरंच झालं. अंगद पीत नाही, त्या दिवशी कामावरच होता, तारीख माझ्या कागदावरची होती, त्यानं ती बघून उतरवली आणि माझं नाव घेतलं नाही. एवढं सगळं सांगून झालं.

तिचा हात चालूच होता. मग म्हणाली, "एवढं सांगायला दीड महिना लागला व्हय?"

मी म्हणालो, "लागला."

"पोरगी रोज रडती माझी."

 

आतून सायली आली. पिशवी भरलेली होती, कधी भरली कुणास ठाऊक. आईच्या पाया पडली. द्वारकाबाईनं मागावरून उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाकरी खाऊन जा." मी तिथंच उंबऱ्यावर बसून खाल्ली. ताटात टाकणं बरं दिसलं नसतं.

गाडीत मी कंडक्टरकडं दोन तिकिटं मागितली. सायली म्हणाली, "माझं वेगळं द्या." ती पुढच्या सीटवर बसली, मी चार सीटा मागं. सगळ्या रस्त्यात तिनं एकदाही मागं बघितलं नाही. चितेगावला उतरलो. घरं एकाच बाजूला, रस्ता एकच. ती पुढं निघाली आणि मी थांब्यावरच्या बाकावर बसून राहिलो. आपल्या नवऱ्याच्या दारात ती पोचेल तेव्हा तिच्या मागं मी दिसायला नको, असं वाटलं.

अर्धा तास तरी बसलो असेन. मग हळूहळू घरी गेलो. त्यांचं दार लावलेलं होतं, आत भांड्यांचा आवाज होता. मला ऐकू आला.

भिकनमामा